चार नंबरचं बटण

“मुडदा बशिवला त्या बर्व्याचा!” आईनं कपबशी माझ्यापुढं आदळली आणि अर्धा चहा बशीत सांडला.

शनिवारची सकाळ होती. बर्वे हा आमचा शेजारी नव्हे की भाऊबंद नव्हे. ‘परतीची कक्षा’ नावाच्या मालिकेतला तो एक किरकोळ तंत्रज्ञ. आदल्या संध्याकाळी मालिकेच्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग झाला होता, आणि मिरजेतल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी बर्व्याला शिव्या न घातलेला माणूस शोधूनही सापडला नसता.

गोष्ट दोन हजार एक सालातली आहे, त्यामुळं थोडं सांगायला हवं. इरा नावाची एक अंतराळवीर बाई मोडक्या यानात एकटी उरलेली असते. सोबतचे गेलेले, रेडिओ बंद पडलेला. यानाच्या शेपटीला एक दिवा तेवढा चालू असतो. ती तो दिवा चारदा लावते, थांबते, दोनदा लावते, परत थांबते. चार, दोन. चार, दोन. इकडं पृथ्वीवर दुर्बिणीला जोडलेल्या यंत्राचा काटा त्या तालावर हलायला लागतो. त्या यंत्रापुढं बर्वे बसलेला. तो काट्याकडं बघतो, काचेवर टिचकी मारतो, मग झाकण उघडून आतला एक भाग बदलून टाकतो. काटा गप्प होतो. बर्वे वहीत लिहितो, ‘दोष दूर केला’, आणि जेवणाचा डबा उघडतो. संपलं पहिलं पर्व.

“अरे डोळ्यापुढं काटा हलतोय, मोजून हलतोय, आणि ह्याला यंत्र बिघडल्यासारखं वाटतंय!” आई म्हणाली. “हिशेबानं कधी काही बिघडतं का रे? बिघडलेली वस्तू कशीही हलेल.”

“आई, मालिका आहे ती.”

“मालिका आहे म्हणून काय झालं? ती बाई मरंल की तिथं.”

मीही मनातून चिडलेलोच होतो, फक्त दाखवत नव्हतो. चौकातल्या न्हाव्याकडं गेलो तर तिथंही तेच. न्हावी वस्तरा हवेत धरून सांगत होता की दुसऱ्या पर्वात बर्व्याला नोकरीवरून काढतील. एक निवृत्त मास्तर म्हणत होते, बर्वे फितूर आहे, परदेशाला मिळालेला आहे. मी खुर्चीत मान वाकवून म्हणालो, “फितूर कसला? मठ्ठ आहे. असल्या माणसांना यंत्रापुढं बसवूच नये.” सगळ्यांनी माना हलवल्या. मला बरं वाटलं.

माझं पोटपाणीही अशाच एका यंत्रावर चालत होतं, आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो. लोक टीव्हीवर काय बघतात याची मोजणी करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला होतो. सांगली आणि मिरजेतल्या चाळीस घरांत आमच्या पेट्या होत्या. टीव्हीच्या डोक्यावर एक करडी पेटी, लोक तिला मीटर म्हणत, आणि तिचा रिमोटसारखा एक हातातला डबा. त्या डब्यावर घरातल्या प्रत्येक माणसाचं एक बटण. आजोबा टीव्हीपुढं बसले की त्यांनी एक नंबर दाबायचा, आजींनी दोन; उठताना परत दाबायचा. पेटी सगळं वेळेसकट टिपून ठेवायची. आठवड्यातून एकदा मी जाऊन पेटीतली नोंदींची चकती बदलायची आणि जुन्या चकतीवरची माहिती कॉम्प्युटरवरनं पुण्याला पाठवायची. कुठल्या घरात पेटी आहे हे कुणालाही कळता कामा नये, असा करार होता. कुणाच्या घरात काय दिसलं तेही बोलायचं नाही. आईलासुद्धा मी ‘टीव्ही दुरुस्तीचं काम’ एवढंच सांगितलं होतं. सव्वीस वर्षांचा होतो, आणि गुपित सांभाळणारा माणूस म्हणून स्वतःवर जरा खूशच होतो.

त्या चाळीसातलं एक घर विश्रामबागेच्या पलीकडं, हुलवानांचं. एक नंबर आप्पासाहेब, दोन त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे आक्का म्हणत. तीन नंबर मुलगा दिग्विजय, त्याचं खतांचं दुकान. चार नंबर सून, हेमलता. नोंदणीचा फॉर्म मीच भरला होता. शिक्षण विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “लिहा की दहावी.” आतल्या दारातून सूनबाई हळूच म्हणाली, “बी.ए. झालेय मी.” आक्कांनी वळून बघितलं. मी बी.ए. लिहिलं.

त्या घरात काहीतरी बिनसलेलं आहे हे मला माहीत होतं. आता बावीस वर्षांनी खोटं कशाला बोलू? फोन लाकडी पेटीत होता आणि पेटीला कुलूप. किल्ली दिग्विजयच्या कमरेला. सूनबाईंच्या मनगटावर एकदा पट्टी होती, मी बघतोय हे आक्कांनी बघितलं आणि म्हणाल्या, “भजी तळताना तेल उडालं. लक्ष नसतंय तिचं.” मी ‘जपा हं वहिनी’ म्हणालो आणि चकती बदलून निघालो. दर सोमवारी अकराला मी जायचो. दर वेळी आक्का समोर बसलेल्या. सूनबाई चहा आणून ठेवायची आणि जायची. माझ्याशी ती एकदाच नीट बोलली, ते त्या डब्याबद्दल.

“हे दाबलं की खरंच पुण्याला कळतं?” तिनं विचारलं होतं.

“कळतं म्हणजे? तुम्ही बोट ठेवायचा अवकाश,” मी फुशारकीनं म्हणालो. “किती वाजता दाबलं, किती वेळा दाबलं, सगळं कागदावर येतं. तिथं माणसं बसलीत वाचायला.”

“रोज वाचतात?”

“रोज नाही. पण मी चकती नेली की दुसऱ्या दिवशी.”

ती ‘बरं’ म्हणाली. आक्का हसून म्हणाल्या, “नसत्या चौकश्या हिला.”

शेवटचा भाग झाल्यानंतरच्या सोमवारी मी हुलवानांकडं गेलो. त्या दिवशी दिग्विजय घरीच होता, सोफ्यावर पाय पसरून. बोलणं साहजिकच मालिकेवर गेलं.

“बघितला का शेवट?” त्यानं विचारलं. “बाईला एकटीला पाठवलं की दुसरं काय होणार?”

“घर सोडून कडमडायला सांगितलं होतं कुणी तिला?” आक्का म्हणाल्या. “आमच्या हेमाला मात्र लई वाईट वाटलं. ताट तसंच ठेवलं शुक्रवारी. मी म्हटलं, अगं, टीव्हीतल्या बाईसाठी उपाशी राहतीस होय?”

“वहिनी कुठं आहेत?” मी सहज विचारलं.

“वर झोपलीया. अंग तापलंय.”

चहा आक्कांनीच आणला. मी पेटी उघडली, चकती बदलली, दिग्विजयला बर्व्याबद्दल माझंही मत सांगितलं आणि निघालो. फाटकाबाहेर मोपेड चालू करताना वरच्या खिडकीकडं नजर गेली. खिडकी बंद होती. एप्रिलचा महिना, सांगलीचं ऊन, आणि तापलेलं माणूस बंद खिडकीत कसं झोपतं, असं एकदा मनात आलं. पुढं आणखी सहा घरं होती.

मंगळवारी पुण्याहून नाडकर्णीसाहेबांचा फोन आला. माणूस भला, पण आकड्यांपलीकडं त्यांना जग नव्हतं.

“सदानंद, तुमचं सतरा नंबरचं घर. चार नंबरचं बटण चिकटतंय की काय? शनिवार, रविवार, दुपारी साडेतीन ते चार, नुसतं चालू-बंद, चालू-बंद. दोन दिवसांत साडेचारशे वेळा. कचरा आहे सगळा. तो आठवडा बाद केलाय आम्ही.”

“डबा बदलू का साहेब?”

“उद्याच बदला. आणि घरच्यांना सांगा, बटणांशी खेळू नका म्हणून. मुलं आहेत का घरात?”

“नाहीत साहेब.”

“मग डबाच बिघडलाय. बदला.”

बुधवारी सकाळी नवा डबा घेऊन मी हुलवानांकडं गेलो. माझा वार नव्हता, त्यामुळं आक्का जरा दचकल्या. आप्पासाहेब पेपर वाचत होते. दिग्विजय दुकानाला निघण्याच्या बेतात, हातात मोटारसायकलची किल्ली.

“काय ओ मीटरवाले, आज कसं काय?”

इथं मी जे केलं ते मला रोज आठवतं. मी मोठ्यानं हसलो. चांगला मोठ्यानं, घरच्यासारखा. म्हणालो, “तुमच्या घरचं चार नंबरचं बटण फार मस्तीला आलंय! शनिवारपासून साडेचारशे वेळा दाबलंय कुणीतरी. रोज दुपारी साडेतीन ते चार. पुण्याहून फोन आला मला, म्हणाले, त्या घरात कुणी बटणांशी खेळतंय का बघा.”

आप्पासाहेबांनी पेपर खाली केला. आक्का दिग्विजयकडं बघत राहिल्या.

“चार नंबर,” दिग्विजय म्हणाला.

“चार. वहिनींचा. पण त्यांचा काही दोष नसणार हो, डबाच बिघडला असेल.”

“साडेतीन ते चार,” तो आईकडं बघत म्हणाला. “तू कुठं असतीस तवा?”

“जरा पडते मी,” आक्का हळू आवाजात म्हणाल्या. “अर्धा तास.”

दिग्विजयनं मोटारसायकलची किल्ली टेबलावर ठेवली. अगदी हळू ठेवली. मग मला म्हणाला, “बदला की मग. बदलून टाका.”

मी नवा डबा जोडला, चारही बटणं दाबून बघितली. छान चालत होती. फॉर्म काढला आणि त्यावर ठरलेल्या रकान्यात लिहिलं, दोष दूर केला. खाली सही केली. दिग्विजय दारापर्यंत मला सोडायला आला, याआधी कधी आला नव्हता. मी बाहेर पडल्यावर आतून कडी घातल्याचा आवाज आला.

संध्याकाळी दिवेलागणीला मी घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसून गवार मोडत होती. तो जुना डबा माझ्या पिशवीत होता आणि मी वैतागलो होतो, कारण ऑफिसात जोडून बघितला तर त्यात काहीच बिघाड नव्हता. चार नंबर लोण्यासारखं चालत होतं. पुण्याहून फॅक्सनं आलेला नोंदींचा कागद मी मांडीवर पसरून बसलो.

“काय रे ते?” आईनं विचारलं.

“कामाचं आहे. एक मशीन उगाचच चालू-बंद होतंय. कारण सापडत नाही.”

“कसं होतंय?”

करार मोडत होता, पण घराचं नाव कुठं घेत होतो मी? मी वेळा मोठ्यानं वाचायला लागलो. “हे बघ. तीन बत्तीसला चालू-बंद, चालू-बंद, चालू-बंद, चालू-बंद. मग दहा सेकंद काही नाही. मग चालू-बंद, चालू-बंद. मग परत दहा सेकंद काही नाही. मग परत चालू...”

आईच्या हातातली गवार तशीच राहिली.

“चार आणि दोन,” ती म्हणाली.

मी कागदाकडं बघितलं. खाली बोट फिरवलं. शनिवार. रविवार. साडेचारशे दाबण्यांत एक चूक नव्हती. चार, थांब. दोन, थांब. अर्धा तास रोज.

“सदा, हे कुठलं मशीन आहे?” आईनं विचारलं. “कोण दाबतंय हे?”

मी सगळं सांगितलं. पेटी, डबा, चार नंबर, फोनचं कुलूप, मनगटाची पट्टी, बंद खिडकी. मग मी सकाळचं सांगितलं, हसून सांगितलं होतं तेही सांगितलं.

“तू तिच्या नवऱ्याला सांगितलंस?” आई म्हणाली. “त्याच्या तोंडावर?”

“मला काय माहीत आई...”

“वेळसुद्धा सांगितलीस?”

मी कागदाची घडी घातली. आई उठली, मांडीवरची गवार ओट्यावर सांडली, ती तशीच टाकून आत गेली. त्या संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. बर्व्याला तिनं जेवढ्या शिव्या दिल्या होत्या त्यातली एक जरी मला दिली असती तरी बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी मी दहालाच हुलवानांकडं गेलो. म्हणालो, नवा डबा नीट चालतोय का बघायला आलोय. आक्का एकट्या होत्या, टीव्ही लावून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. पेटीवर दोन आणि चार असे दोन दिवे लागलेले होते.

माझा जीव भांड्यात पडला. “वहिनी बऱ्या झाल्या वाटतं,” मी म्हणालो. “कुठं आहेत?”

“हेमा? ती गेली की माहेराला. काल तुम्ही गेला आणि दुपारच्या गाडीनं गेली.”

“मग हा चारचा दिवा?”

आक्का हसल्या. कौतुकाची अपेक्षा असलेलं हसू होतं ते. “तुमच्या पुण्याच्या साहेबांची तक्रार होती न्हवं चार नंबरची? आता नाही यायची. माझं दाबलं की तिचंही मीच दाबते. अगदी वेळेवर. कालपास्नं दाबतेय बघा.”

पेटीवरचा तो हिरवा चार आकडा मी परत एकदा वाचला. मी विचारलं, “किती दिवसांनी येणार वहिनी?” आक्का टीव्हीकडं बघत म्हणाल्या, “बघू की. तिला काय घाई आहे?”

ऑफिसात येऊन मी पुण्याला फोन लावला. नाडकर्णीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सदानंद, तुम्हाला वाटतंय, एवढंच आहे ना हे? माहेरी गेली असेल.”

“साहेब, फॉर्मवर तिच्या भावाचा नंबर आहे. एक फोन करू?”

“तो नंबर कशासाठी घेतलाय? घर बदललं तर पत्ता मिळावा म्हणून. तुम्ही फोन केलात की तिथं पेटी आहे हे बाहेर गेलं. आणि कागदाचं तर नावच काढू नका. उद्या चाळीसही घरं पेट्या काढून टाकतील. लोक आपल्याला घरात घेतात ते आपण बघून न बघितल्यासारखं करतो म्हणून.” मग म्हणाले, “तुम्ही हुशार आहात. नोकरी नवी आहे. डोक्यात राख घालून घेऊ नका.”

मी ‘बरं साहेब’ म्हणालो. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. वरच्यानं नाही म्हटलं की आपल्या अंगावरचं ओझं उतरतं, तसं ते उतरलं. गुरुवार गेला. शुक्रवारी मी मिरजेतली आठ घरं केली. जिथं जाईन तिथं इरा आणि बर्वे. एका घरातल्या बाई म्हणाल्या, वाहिनीनं पुढचं पर्व लवकर आणायला हवं, जीव टांगणीला लागलाय. मी चकती बदलली आणि चहा घेतला.

शुक्रवारी साडेआठला, मालिकेच्या वेळेला, कुठला तरी विनोदी कार्यक्रम लागला. आईनं टीव्ही बंद केला.

“त्या बर्व्याला निदान माहीत नव्हतं,” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली ते एवढंच.

शनिवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून डफळापूरला फोन लावला. वहिनींच्या भावाचं नाव अंकुश माने, तिथं शाळामास्तर. मी नाव सांगितलं नाही. विचारलं, “हेमलताताई आल्यात का तिकडं?”

“इकडं? नाही ओ,” तो म्हणाला. “दिवाळीपास्नं आली नाही. भाऊजी पाठवत नाहीत. का? कोण बोलतंय?”

मग मी नावही सांगितलं, पेटीचंही सांगितलं. तो म्हणाला, “मी निघालोच.”

बाराच्या सुमाराला तो आला. आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो आणि मी तो कागद फौजदारांच्या टेबलावर पसरला. साडेचारशे ओळी. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. “ही काय भानगड आहे?” मी सांगायला लागलो, तर कोपऱ्यातला हवालदार पुढं आला, कागदावर वाकला आणि म्हणाला, “साहेब, हे तर शेवटच्या भागातलं आहे. चार आणि दोन.” फौजदारांनी टोपी घेतली.

घरी ती सापडली नाही; फौजदारांनी दटावलं तेव्हा आप्पासाहेबांनी मळ्याचं नाव घेतलं. हुलवानांचा मळा नांद्र्याच्या वाटेला होता. जीपमध्ये अंकुश मास्तर माझ्या शेजारी बसला होता आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मळ्यात पाण्याच्या मोटारीची एक पत्र्याची खोली होती. बाहेरून कुलूप. हवालदारानं कुलूप तोडलं. आत काय होतं ते मी बघितलं नाही, मी जीपपाशीच उभा राहिलो. अंकुशचा आवाज तेवढा ऐकला. ‘ताई’ म्हणून मारलेली ती हाक मी कधी विसरणार नाही.

जिवंत होती. चार दिवस त्या पत्र्याखाली, एक कळशी पाणी आणि एक कांबळं. आम्ही तिला सिव्हिलला नेलं. दिग्विजयला दुकानातून उचललं. आक्का फाटकात उभ्या राहून शेजाऱ्यांना सांगत होत्या की सून वेडी आहे, दिवसभर बटणं दाबत बसायची, वाटल्यास मीटरवाल्याला विचारा.

सोमवारी माझी नोकरी गेली. नाडकर्णीसाहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि वाईट वाटल्याचंही सांगितलं. ते खरं असावं. पण मला रविवारचं सांगायचं आहे.

रविवारी दुपारी हवालदार तिचा जबाब घ्यायला सिव्हिलला आला. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. खाटेवर ती उशीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या हाताची तीन बोटं एकेक करून मोडलेली आहेत, पडून अशी मोडत नाहीत. तिनं सगळं सांगितलं, न रडता, शाळेतल्या मुलीनं उत्तर द्यावं तसं, वारानुसार. हवालदारानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सहीसाठी कागद पुढं केला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं शाईचा पॅड काढला. बी.ए. झालेल्या बाईनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. तो नीट उठला नाही म्हणून तिनं परत उठवला.

हवालदार कागद वाळवायला खिडकीपाशी गेला. मी तिच्या खाटेपाशी गेलो. चार दिवस मनात घोळवलेली वाक्यं होती माझ्याकडं. हात जोडले तेवढे.

“चुकलं माझं, वहिनी,” मी शेवटी म्हणालो.

तिनं अंगठ्याची शाई चादरीच्या कडेला पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

“तुमचा वार सोमवारचा,” ती म्हणाली. “बुधवारी तुमच्या गाडीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कळलं. पुण्याला कळलं. न्यायला आलेत.” तिनं चादर पायांवर ओढली. “मी वर चप्पल घालून बसले होते.”